प्राण गेल्यापासून पातेल्यापर्यंत

जिवंत कोंबडीच्या अंगात ४१ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब असते. तितर, लावा, बदक यांच्याही अंगात जवळपास तेवढीच. वैशाखात मुक्ताईनगरला दुपारचा पारा ४४-४५ वर चढतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी मेलेला पक्षी नुसता ठेवून थंड होत नाही. सावलीत टांगला तरी भोवतालची हवा त्याच्या अंगाहून गरम असते. मारलेल्या पक्ष्याचं मांस कसं हाताळावं, कसं टिकवावं यावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यातलं बरंचसं थंड मुलखातल्या माणसांनी थंड मुलखासाठी लिहिलेलं आहे. इंग्लंडात शिकारीचा फेझंट पिसांसकट गार कोठीत काही दिवस टांगून ठेवतात. तिथे ती जुनी रीत आहे, मांस मऊ होतं आणि चव मुरते. तीच रीत कुणी तापीकाठी करू गेला तर संध्याकाळपर्यंत पक्ष्याचं पोट फुगलेलं असेल. आपल्या हवेचं, आपल्या चुलीचं आणि आपल्या विळीचं पुस्तक आपल्यालाच लिहायला हवं होतं. हे तसं पुस्तक आहे.

ते कशाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. हे रानपक्ष्यांच्या शिकारीचं पुस्तक नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला, तेव्हा परवाना काढून काही शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, अनुसूचींची मांडणी बदलली. आता आपल्याकडचे जवळजवळ सगळे रानपक्षी पहिल्या नाहीतर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. दुसऱ्या अनुसूचीतला पक्षी मारला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतल्या पक्ष्यासाठी कैद तीन वर्षांच्या खाली नाही आणि सात वर्षांपर्यंत जाते. मारणाऱ्यासारखाच विकत घेणारा आणि शिजवणाराही गुन्हेगार ठरतो. हायवेच्या एखाद्या ढाब्यावर कुणी कानाशी लागून ‘तितर आहे’ म्हणालं, तर ताट मागवू नये. तो खरंच तितर असेल तर गुन्हा आहे, आणि नसेल तर फसवणूक. दुकानात राजरोस मिळणारा बटेर हा फार्मवर वाढवलेला जपानी बटेर असतो. त्याला या पुस्तकातले नियम कोंबडीसारखेच लागू आहेत.

कायद्याचं आणखी एक कलम आपल्या भागात फार थोड्यांना ठाऊक आहे. रानात मेलेला सापडलेला वन्य प्राणी किंवा पक्षीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. तो कुणाच्या हाती आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याकडे खबर द्यावी लागते. ‘मी मारला नाही, मला सापडला’ असं म्हणून तो घरी नेता येत नाही. आरोग्याच्या अंगाने पाहिलं तरी हे कलम किती शहाणपणाचं आहे, ते पुढे येईलच.

मग शिकारीच्या ज्ञानाचा उल्लेख तरी कशाला करायचा? कारण मेलेल्या पक्ष्याशी पहिल्या तासा-दोन तासांत कसं वागायचं, हे ज्ञान मुळात शिकाऱ्यांचं आणि पारध्यांचं होतं. आजच्या गावरान कोंबडीला ते जसंच्या तसं लागू पडतं, आणि आपण ते विसरत चाललो आहोत.

फासेपारध्यांची नावाजलेली कला म्हणजे फास आणि जाळं. तितर-लावे ते जिवंत धरत, टोपलीत नाहीतर जाळीच्या पिशवीत ठेवत आणि जिवंतच विकत. त्या काळी बर्फ नव्हता, फ्रीज नव्हता. या उन्हात मांस ताजं ठेवायचं तर पक्षी जिवंत ठेवण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. ज्याच्या घरी पक्षी शिजायचा त्याच्या दारात पक्ष्याचा प्राण जायचा आणि घटकाभरात तो चुलीवर असायचा. ज्या समाजाने ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्याला इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं, आणि कपाळावरचा शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही. पारध्यांकडून पाखरांचं ज्ञान आदराने टिपून घेणारे मारुती चितमपल्लींसारखे वनाधिकारी-लेखक मराठीला लाभले, हे आपलं भाग्य. शिकार थांबली ते योग्यच झालं. पण ती करणाऱ्यांना नुसतं हाकलून देऊन त्यांच्याजवळचं शहाणपण मातीत घालणं मला अन्यायाचं वाटतं, आणि नुकसानीचंही.

हे शहाणपण जुनं आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात शिकारीवर प्रकरणं आहेत, ससाण्याकडून पाखरं धरण्याच्या खेळावर आहे, आणि राजाच्या भोजनावरही आहे. रानडुकराचे केस काढायची रीत त्यात दिली आहे: अंगावर कापड घालून वरून कढत पाणी ओतायचं, म्हणजे केस सहज निघतात, नाहीतर गवताच्या जाळावर भाजून काढायचे. आज आपल्याकडे कोंबडी एकतर गरम पाण्यात बुडवून सोलतात, नाहीतर पिसं उपटून जाळावर धरतात. नऊशे वर्षं झाली, रीत तीच आहे. त्याहून जुन्या चरक-सुश्रुतांच्या संहितांत लाव आणि तित्तिर यांच्या मांसाचे गुण सांगितले आहेत, आणि त्याच्याच जोडीला कोणतं मांस वर्ज्य तेही: आपोआप मेलेल्याचं, रोगाने मेलेल्याचं, विषाने किंवा सर्पदंशाने मेलेल्याचं. युरोपच्या आजच्या नियमांत शिकारीच्या पक्ष्याबद्दल दोन मुद्दे मुख्य आहेत. मरण्याआधी त्याचं वागणं ठीक होतं का, हे जाणत्या माणसाने पाहायचं. आणि मेल्यानंतर मांस लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत गार करायचं.

पक्षी मेला कसा, हा प्रश्न पहिला. तो गार कसा करायचा, हा दुसरा. या पुस्तकातलं बाकी सगळं या दोन प्रश्नांच्या पोटात बसतं, आणि आपल्या भागात पहिल्या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला कोंबड्या पटापट मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केलं: एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. भारतातली ती पहिली साथ, आणि ती आपल्या खानदेशात उगवली. नवापूरची पोल्ट्री मोठी, शेडमधली, म्हणून सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो पुढचा महिना. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात मारूळ, सावदा, हातेड, साळवे या गावांत तोच विषाणू सापडला. तिथे शेड नव्हत्या; दारापुढे, उकिरड्यावर, गोठ्यात चरणाऱ्या घरच्या कोंबड्या होत्या. त्यापाठोपाठ मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूरला जाताना लागणारं इच्छापूर; तिथेही तेच. देवीच्या दर्शनाला आपली माणसं ज्या गावी जातात, ते गाव. सरकारी पथकं आली, ठरावीक परिघातल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ज्या बाईच्या संसारात मीठमिरचीचा पैसा अंड्यांतून येत होता, तिच्या दारात दुसऱ्या दिवशी एकही पाखरू उरलं नाही. कोंबड्या लपवून ठेवणाऱ्यांना तेव्हा अडाणी म्हटलं गेलं. मला तो शब्द पटत नाही. आपली कोंबडी धडधाकट दिसते आहे आणि तरी ती का मारायची, हे त्यांना कुणी बसून समजावून सांगितलंच नव्हतं.

त्या साथीत माणसाला लागण झाली नाही. पुढे २०२१ च्या जुलैमध्ये हरियाणातला एक लहान मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये दगावला. एच५एन१ने माणूस गेल्याची ती देशातली पहिली नोंद. त्याच वर्षी जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या होत्या आणि फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा साथ आली होती. म्हणजे हा पाहुणा एकदा येऊन गेलेला नाही, तो येत-जात राहणार आहे.

या आजाराबद्दल एक गोष्ट घरोघर कळायला हवी. नीट शिजलेल्या कोंबडीतून बर्ड फ्लू होत नाही. मांस आतपर्यंत ७० अंशांवर गेलं की विषाणू मरतो आणि आपला रस्सा त्याच्या पुष्कळ वर, खळखळून उकळतो. धोका जेवणाऱ्याला नसून कापणाऱ्याला आहे. आजारी पक्षी हातात धरणं, मान कापताना उडणारं रक्त, पिसं उपटताना उडणारी धूळ, आतडी काढताना हाताला लागणारी विष्ठा, या वाटांनी विषाणू माणसात शिरतो. आणि आपल्याकडे नेमकी उलटी सवय आहे. गावात ‘मानमोडी’ ही कोंबड्यांची साथ आली, एक-दोन कोंबड्या माना वाकड्या करून पडल्या, की घरची माणसं म्हणतात, मरायच्या आत कापून टाका, निदान पोटात तरी जाईल. गरिबीतून आलेला हा विचार आहे, तो मी हिणवणार नाही. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणं वरून इतकी सारखी दिसतात, की पशुवैद्यालाही प्रयोगशाळेवाचून छातीठोकपणे सांगता येत नाही. अशा वेळी सुरी हातात घेणारी बहुधा घरची बाई असते आणि पिसं उपटायला मुलं बसतात. गुंगलेली, फुगून बसलेली, तुरा निळा पडलेली, नाकातोंडातून पाणी गाळणारी कोंबडी कापू नये. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागवता येते. मानमोडीची लस स्वस्त आहे आणि ती वेळेवर टोचून घेतली तर असा कठीण निर्णय घ्यायची पाळीच बहुतेकदा येत नाही.

बर्ड फ्लूचा एक धागा पाण्यावरच्या रानपक्ष्यांकडे जातो, म्हणून आता धरणाकडे वळू. तापी आणि पूर्णा चांगदेवला एकमेकींना मिळतात आणि त्या संगमाखाली हतनूरचं धरण आहे. ४१ दरवाज्यांचं, १९८२ साली पुरं झालेलं. धरणामागे साचलेल्या उथळ, गाळाच्या पाण्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो पक्षी उतरतात: चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी, पट्टकादंब. देशातल्या महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत हतनूरची गणना होते, आणि वरणगावच्या चातक संस्थेसारखी मंडळी वर्षानुवर्षं तिथे पक्ष्यांच्या नोंदी ठेवत आली आहेत. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला वढोद्याचं जंगल, मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र, वाघांचा वावर असलेलं. एका लहान तालुक्याला एवढं धन क्वचितच मिळतं.

रानबदकांच्या पोटात फ्लूचे विषाणू राहतात. कित्येकदा बदक आजारी न दिसताही ते विष्ठेतून बाहेर टाकतं, आणि थंड पाण्यात ते बराच काळ टिकतात. म्हणून धरणाच्या काठच्या गावांत हिवाळ्यात कोंबड्या-बदकं मोकळी पाण्यावर सोडू नयेत, त्यांना पाणी घरी पाजावं. आणि काठावर मेलेलं बदक दिसलं तर त्याच्यासाठी हाताळणीचा नियम एकच: हात लावायचा नाही. पायाने उलथायचं नाही, कुत्र्याला हुंगू द्यायचं नाही, मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं आणि जागा लक्षात ठेवायची. एका ठिकाणी बरेच पक्षी पडलेले असले तर विलंब न लावता कळवायचं. २०१९ साली राजस्थानात सांभर तलावावर हजारो पक्षी बोटुलिझमने, म्हणजे जंतूंच्या विषाने, मेले. पहिल्या काही दिवसांत उचललेली मेलेली पाखरं पुढची साखळी तोडतात, कारण कुजणाऱ्या मांसावर वाढलेल्या अळ्या खाऊन त्याहून जास्त पक्षी मरतात.

शेतात मेलेला पक्षी त्याहूनही घातक असू शकतो. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार विषारी औषधं आपल्याकडे केळीत आणि इतर पिकांत वापरली गेली आहेत. ते दाणे टिपून पाखरं जागच्या जागी पडतात. काही ठिकाणी तर धान्याला असं औषध चोळून, ते पसरून मुद्दाम बदकं मारली जातात आणि विकलीही जातात. शिकारीचा हा सगळ्यात नीच प्रकार. रोगजंतू उकळल्याने मरतात, पण हे विष चुलीवर हमखास जाईल असं धरून चालता येत नाही. ‘बाण नाही, छर्रा नाही, अगदी स्वच्छ पक्षी आहे’ असं कुणी कौतुकाने सांगत असेल, तर तिथेच सावध व्हावं. छर्ऱ्याने मारलेला पक्षीही निर्धोक नसतोच. शिशाचे कण मांसात विखुरतात, आणि चिखलात पडलेले छर्रे खडे समजून बदकं गिळतात. अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली. युरोपीय संघाने २०२३ मध्ये पाणथळीच्या जागांवर ती लागू केली.

हातातला मेलेला पक्षी माणसाला कुठे घेऊन जाऊ शकतो, याचं आपल्या मुंबईतलं उदाहरण फार सुंदर आहे. १९०८ च्या सुमारास खेतवाडीतल्या एका पोरक्या मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणं आपल्या धर्माला चालेल का, असा प्रश्न त्याला पडला, म्हणून त्याने ती मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामा स्वतः शिकारी होते. त्यांनाही ती ओळखता येईना, तेव्हा त्यांनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे पाठवलं. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पक्षी तोंडात घालण्याआधी ‘हा कोण, कुठला, खाण्याजोगा आहे का’ असं विचारायला थांबणं, एवढ्यानेच ती गोष्ट सुरू झाली. शिकारीच्या संस्कारातलं जपून ठेवण्याजोगं जे आहे, ते हेच थांबणं आहे असं मी मानतो.

आता घरच्या, निरोगी, स्वतः पाहून निवडलेल्या कोंबडीकडे येऊ. पुस्तकाचा मोठा भाग तिच्याबद्दल आहे, म्हणून इथे कारणांपुरतंच लिहितो.

आठवडी बाजारातून कोंबडी पाय बांधून, मोटारसायकलच्या हँडलला उलटी टांगून आणतात. तो तिचा छळ आहेच, आणि मांसाचं नुकसानही आहे. तडफडण्यात स्नायूंमधली साखर संपून जाते. मेल्यावर जेवढं आम्ल तयार व्हायला हवं तेवढं होत नाही आणि असं मांस लवकर खराब होतं. पाटीत किंवा खोक्यात, सावलीत, पाणी पाजून आणलेली कोंबडी जास्त टिकते. कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद ठेवावा, पाणी ठेवावं. गळ्याखालची दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी असली की साफ करताना घाण मांसावर सांडत नाही.

कापल्यावर रक्त पुरतं निथळू द्यावं. मग पाणी, आणि इथे बहुतेक घरी चुकतं ते पाण्याच्या तापमानात. खळखळतं पाणी ओतलं तर कातडं अर्धवट शिजतं, फाटतं आणि फाटलेल्या जागेतून जंतू आत शिरतात. साठ-पासष्ट अंशांचं पाणी पुरतं, म्हणजे वाफ येते आहे, बोट बुडवून ठेवता येत नाही, पण उकळी फुटलेली नाही असं. त्यात मिनिट-दीड मिनिट बुडवली की पिसं हाताला सुटून येतात. पोट फाडताना सुरी वरवर चालवावी. आतडं फुटलं किंवा पित्ताची पिशवी फुटली तर तेवढा भाग कापून टाकावा, नुसता धुऊन भागवू नये. कलेजी-पेटा वेगळ्या भांड्यात. कलेजीवर पांढरे ठिपके दिसले, आतून दुर्गंध आला, मांसात पाणी भरल्यासारखं वाटलं तर ती कोंबडी पातेल्यात जाणार नाही. पैसे गेले तरी जाणार नाही.

पिसं हे पक्ष्याचं पांघरूण आहे आणि पोटातली घाण ही त्याच्या आतली शेगडी. ही दोन्ही जेवढ्या लवकर निघतील तेवढं मांस लवकर थंड होतं. जंतूंना तीस-चाळीस अंशांची ऊब मिळाली की त्यांतले काही वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. एकाचे दोन तासांत चौसष्ट, चार तासांत चार हजारांवर. साध्या हवेत कच्चं मांस बाहेर ठेवायची मुदत दोन तास धरतात. पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे फाल्गुनापासून पाऊस येईपर्यंत ही एक तासाचीच मुदत समजावी. जुनी माणसं मांस ओल्या फडक्यात गुंडाळत, त्यावर पाणी शिंपडत. कोरड्या उन्हात हे चालतं, बाष्प उडताना गारवा येतो. पण तो गारवा पंचविसेक अंशांपर्यंतचा, चार अंशांचा नव्हे. घरी पोचेपर्यंत थोडा वेळ मिळतो एवढंच. पावसाळ्याच्या दमट हवेत तेवढाही मिळत नाही. बर्फ मिळत असेल तर बर्फ घ्यावा, आणि तो मांसाला थेट न लावता पिशवीतून लावावा, म्हणजे वितळलेलं पाणी मांसात मुरत नाही.

मांस गार झालं तरी लगेच शिजवलं तर ते वातड लागतं, अशी तक्रार असते. ती खरी आहे. प्राण गेल्यावर तासाभरात स्नायू ताठरतात आणि कोंबडीत तो ताठरपणा उतरायला साधारण चार-सहा तास लागतात. ते तास फ्रीजमध्ये जायला हवेत. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी ताजी कोंबडी सरळ चुलीवर चढवावी आणि जास्त वेळ शिजवावी. गावरान कोंबडी तशीही सावकाश शिजण्याचीच आहे. मऊपणाच्या लोभाने ती बाहेर ठेवू नये.

स्वयंपाकघरातला माझा सगळ्यात मोठा आग्रह विळीबद्दल आहे. आपण कोंबडीचे तुकडे ज्या विळीवर किंवा ज्या पाटावर करतो, तिथेच पाणी फिरवून मग कांदा, कोथिंबीर, लिंबू चिरतो. रस्सा तर उकळतो, त्यातले साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू सगळे मरतात. पण ताटात कडेला वाढलेला कच्चा कांदा उकळत नाही. पोटं बिघडतात ती बहुधा या कांद्याने, आणि आळ येतो रश्शावर, मसाल्यावर, नाहीतर दुकानदारावर. कच्चं खायचं ते आधी चिरून झाकून ठेवा, कोंबडी शेवटी कापा, मग विळी साबणाने घासून उन्हात ठेवा. नळाच्या धारेखाली कोंबडी धुतली की शिंतोडे हातभर उडतात, ओट्यावरच्या भाकरीपर्यंत. धुवायचीच तर पातेल्यात, बुडवून, हळूच, आणि ते पाणी जपून ओतावं. हळद लावण्यावर माझा आक्षेप नाही. हळद लावली म्हणजे जंतू मेले, या समजुतीवर आहे.

फ्रीजबद्दल दोन गोष्टी. कच्ची कोंबडी खालच्या कप्प्यात एक-दोन दिवस, त्यापुढे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. झाकलेल्या डब्यात आणि सगळ्यात खालच्या फळीवर, म्हणजे तिचं पाणी दुधावर गळणार नाही. आणि भारनियमन. वीज गेली की बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. दार उघडत राहिलं तर यातलं काही खरं नाही. गोठवल्याने जंतू झोपतात, मरत नाहीत. म्हणून वितळलेलं मांस पुन्हा गोठवायचं नाही, आणि वितळवायचं तेही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर दुपारभर ठेवून नाही.

उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीबरोबर जास्त चांगला लागतो, यावर वाद नाही. पण मोठ्या पातेल्यातला रस्सा रात्रभर कोमट राहतो आणि उकळीतूनही तग धरणारे काही जंतू त्या कोमटपणात वाढतात. निजण्याआधी तो लहान-लहान भांड्यांत काढून गार करावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि सकाळी नुसता कोमट न करता चांगली उकळी आणावी. लग्नाच्या, जत्रेच्या मोठ्या स्वयंपाकाला हे दुप्पट लागू आहे.

मुक्ताबाईच्या मुक्ताईनगरहून दर वर्षी पालखी पंढरीला निघते, आणि तालुक्यातल्या कितीतरी घरांत माळ आहे, मांस शिजत नाही. त्या घरांचा मी मान राखतो. पण एका गल्लीत माळकऱ्याचं आणि कोंबडी कापणाऱ्याचं घर शेजारी-शेजारी असतं, आणि एकाच्या दारातली घाण दुसऱ्याच्या दारात जाते. म्हणून शेवटचं प्रकरण पिसं, आतडी आणि रक्त यांच्यावर आहे. सगळ्यात कंटाळवाणं वाटेल, पण ते आधी वाचलं तरी चालेल. गावच्या नाल्यात टाकलेली आतडी पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर पूर्णेला नाहीतर तापीला मिळतात, आणि तेच पाणी पुढे हतनूरच्या जलाशयात साठतं, जिथून कित्येक गावांना आणि शहरांना प्यायला जातं. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर कुत्री आणि घारी-कावळे येतात, आणि एका गावचा रोग दुसऱ्या गावी जायला एवढा प्रवास पुरतो. घरच्या एका कोंबडीसाठी गुडघाभर खड्डा, वर चुन्याची फक्की आणि दाबून माती पुरेशी आहे; विहिरीपासून आणि हातपंपापासून तो लांब हवा. दुकानदारांसाठी ग्रामपंचायतीने एक सामायिक खोल खड्डा आणि त्यावर झाकण एवढी सोय केली, तर खर्च फार नाही. कोंबडी सोलून झाल्यावर हात साबणाने धुवायचे ते कोपरापर्यंत, नखांच्या आतून, आणि त्यानंतरच लेकराला उचलून घ्यायचं.